डबा गप्प झाला

सन दोन हजार पंचवीस. मला चौऱ्याहत्तर पुरी होऊन पंच्याहत्तरावं लागलं होतं. शाळा माझी चौथीपर्यंत. तरी कुठल्या यंत्रानं मला कधी हरवलेलं नव्हतं. त्या साली दसऱ्यानंतर एका कॉम्प्युटरनं पंधरा दिवस मला घरात बसवून ठेवलं.

आधी घर सांगतो, नाहीतर कॉम्प्युटरचं काही कळायचं नाही.

कामशेतवरून पवनेकडे जाणारा रस्ता आहे, त्यापासून आमचं घर आत आहे. रस्त्यापासून घरापर्यंत गाडीवाट होती. घराला लागूनच माझी भाताची गिरणी. बेचाळीस वर्षं मी ती चालवली. आसपासच्या वाड्यांचं भात याच वाटेनं बैलगाडीतून यायचं आणि तांदूळ होऊन याच वाटेनं जायचं. पुढे लोक कामशेतच्या मोठ्या गिरणीत जायला लागले आणि मी पट्टा उतरवून ठेवला. वाट मात्र तशीच होती.

वाटेच्या दोन्ही अंगाची जमीन चुलतभावांनी विकली. लोणावळ्यात जागा उरली नाही, म्हणून बंगलेवाले आता आमच्याकडे सरकलेत. त्यांनी भिंत घातली आणि वाटेच्या तोंडाशी लोखंडी फाटक बसवलं. फाटकाशी खोली, खोलीत वॉचमन, वॉचमनच्या टेबलावर रजिस्टर. नाव, गाडीचा नंबर, कुणाकडे जायचं, वेळ, सही.

वॉचमन भला माणूस. पहिल्या दिवशी मला म्हणाला, "बाबा, फक्त सही करा, बाकी तुमाला कोण अडवतंय?"

मी म्हटलं, "माझ्या घरी जायला मी कुणाकडं जायचं म्हणून लिवू?"

सही केली नाही. वडगावच्या वकिलांनीही तेच सांगितलं. तुम्ही सही केली म्हणजे त्यांच्या परवानगीनं येता-जाता असं होतं, मग वहिवाटीचा हक्क कसला मागता? तेव्हापासून आमच्या घरातलं कुणी त्या फाटकातून गेलं नाही. ओढ्याच्या कडेनं जायचं, खाचरांच्या बांधावरून वळसा घ्यायचा आणि मग रस्त्याला लागायचं. हा हुकूम माझा. मला तो पाळायला सोपा होता, कारण गुडघा गेल्यापासून मी अंगणाच्या पलीकडे जातच नव्हतो. पाळायचा होता सूनबाईला. ती पलीकडच्या वाडीत अंगणवाडी चालवते. तिची स्कुटी रस्त्यावरच्या चहाच्या टपरीशी उभी असते. रोज सकाळी चपला हातात घेऊन ती बांधावरून जायची आणि टपरीच्या नळावर पाय धुवायची. मुलगा कामाला गुजरातेत, सणासुदीला येतो. म्हणजे घरात आम्ही तिघं: मी, आमची ही आणि सूनबाई.

वाट मोकळी करून मिळावी म्हणून मी तहसील कचेरीत अर्ज केला होता, त्याच्या दोन तारखा झाल्या होत्या. साहेबांनी सांगितलं होतं, तोंडी नको, वाट होती असं दाखवणारं काही आणा. तिसरी तारीख शेवटची.

दाखवायला माझ्याकडे होतं. गिरणी सुरू केली त्या दिवशीचे फोटो. तेरा बैलगाड्या भात घेऊन वाटेवर एकामागं एक उभ्या आहेत, आणि मध्ये दोन बुंध्यांचं आंब्याचं झाड आहे. ते झाड अजून आहे. आता ते भिंतीच्या आत, बंगल्याच्या पोहण्याच्या टाकीशेजारी आहे, पण बुंधे तेच. झाड हलत नाही, म्हणजे वाट कुठून गेली ते कुणालाही दिसेल. मूळ फोटो ट्रंकेत होते, ते वाळवीनं खाल्ले. त्याआधी मुलानं ते कॉम्प्युटरमध्ये घालून ठेवले होते. त्याच्या फोनातही होते, तो फोन पाण्यात पडला. सूनबाईनं दोनदा सांगितलं होतं, "आबा, कामशेतला जाऊन छापून आणते." मी म्हणालो, घरातली वस्तू घरात राहू दे, तारखेला अजून लय वेळ आहे.

म्हणजे तेरा गाड्या, आंबा आणि आमची वाट, सगळं त्या एका डब्यात होतं.

मी त्याला डबा म्हणतो. पडदा टेबलावर, आणि खाली स्टुलावर काळा पत्र्याचा डबा. काम सगळं डबा करतो. मुलानं त्यावर मराठी लावून दिली होती, मला भजनं ऐकायची असत म्हणून. मी एकेक अक्षर लावत वाचतो, पण वाचतो.

दसऱ्याच्या आधी काही दिवस पडद्यावर कोपऱ्यात एक पाटी यायला लागली. पुसली तरी दुसऱ्या दिवशी परत. ती मी लावून वाचली. तुमच्या संगणकाचा आधार लवकरच समाप्त होत आहे, नवी आवृत्ती घ्या.

आधार संपतोय. मी त्याच दिवशी कपाटातून माझं आधार कार्ड काढून उलटंपालटं केलं. कचेरीत पहिल्यांदा तेच मागतात. तारखेच्या तोंडावर ते रद्द झालं, तर मी कोण हेच सिद्ध करत बसावं लागेल, वाट राहिली बाजूला.

सूनबाई पोट धरून हसली. "आबा, त्यो आधार न्हाई. हा आधार म्हंजे टेकू. कंपनी म्हनती जुन्या सिस्टीमला आता आमी बघनार न्हाई, नवीन घाला."

"मग टेकू म्हनायचं. आधार कशाला म्हनायचं?"

"ते त्यांना सांगा. आता हात लावू नका. तारीख होऊ द्या, मग घालू."

ती बरोबर बोलत होती. पण हसली ना, तिथं माझं बिनसलं. सुनेनं हसावं आणि मी हात काढून घ्यावा, हे माझ्यानं होत नाही. मी म्हटलं, दसरा येतोय. साडेतीन मुहूर्तातला एक. त्या दिवशी केलेल्या कामाला पंचांग बघावं लागत नाही.

दसऱ्याला मी गिरणीची पूजा करायचो. गिरणी बंद झाल्यावर दोन-तीन वर्षं भात सडायच्या गंजलेल्या हलरलाच हळदकुंकू वाहिलं, मग ते बरं वाटेना. चालत्या यंत्राची पूजा करावी. तेव्हापासून डब्याची करतो. त्या वर्षी जास्तच मन लावून केली. झेंडूचा मोठा हार डब्याला गुंडाळला, गंध लावलं, आणि मूठभर अक्षता वाहिल्या. अख्खा इंद्रायणी तांदूळ, कुंकवात घोळवलेला. मग नारळ फोडला आणि पाटीवरचं बटण दाबलं.

चार तास पडद्यावर टक्के चढत होते. संध्याकाळी नवी सिस्टीम उघडली. सगळं जागच्या जागी. सोनं द्यायला आलेल्या दोघांना मी ते दाखवलंसुद्धा. सूनबाई चहाचे कप गोळा करत होती. मी तिच्याकडे मुद्दाम बघितलं.

तिसऱ्या दिवशी हार सुकला, म्हणून मी तो ओढून काढला आणि ओढ्यात सोडला. आधी डबा घुंघुं करायचा, तो त्या दिवसापासून गप्प झाला. मी म्हटलं, नवी सिस्टीम मुरली. गिरणीचा नवा पट्टासुद्धा दोन दिवस किरकिरतो, मग गप्प होतो.

"बगितलंस?" मी सूनबाईला म्हणालो. "आवाज न्हाई, काय न्हाई."

चौथ्या दिवशी भजन चालू असताना डबा मेला.

मेला म्हणजे पडदा काळा, दिवा बंद. बटण दाबलं, चालू झाला. थोड्या वेळानं परत मेला. पाचव्या दिवशी निळा पडदा आला, त्यावर काही अक्षरं, आणि मग काळा. सूनबाईनं संध्याकाळी बसून बघितलं. चालू व्हायलाच त्याला सात-आठ मिनिटं लागायची. तोवर ती पेन ड्राइव्ह हातात धरून बसायची. पडदा उघडला की धावत फोटोंच्या कप्प्यात जायचं. त्या कप्प्यात मुलाच्या लग्नाचे, भावकीतल्या बारशांचे, बैलपोळ्याचे, हजारो फोटो. ते एकेक करून उमलायला लागायचे, आणि आमच्या तेरा गाड्या येण्याच्या आत डबा मरायचा.

एकदा तिनं सगळा कप्पाच उचलून पेन ड्राइव्हवर टाकायला घेतला. तीन टक्के झाले. आम्ही दोघंही श्वास धरून बघत होतो. चार टक्के झाले नाहीत.

त्यानंतर त्यानं नवीनच खोड काढली. चालू केला की म्हणायचा, दुरुस्ती चालू आहे, संगणक बंद करू नका. आम्ही कशाला बंद करतोय? दुरुस्ती करता करता तो स्वतःच बंद पडायचा. परत चालू केला की परत दुरुस्ती. अशा मरणानं बिघडतं, म्हणून दुरुस्ती, आणि दुरुस्तीत मरण. मी खुर्चीवर बसून ते वाक्य इतक्या वेळा वाचलं की मला ते न अडखळता वाचता यायला लागलं.

मुलाचा फोन आला. त्यानं सूनबाईला सांगितलं, दहा दिवसांच्या आत मागच्या सिस्टीमवर परत जायची सोय असते, ती कर. ड्रायव्हर जुने असतील, नव्या सिस्टीमला ते पटत नसतील. मला वाटलं, डब्यात ड्रायव्हर कसला, पण विचारलं नाही.

तो सहावा दिवस होता. सूनबाई म्हणाली, "आबा, जुन्यावर जाऊ. दुरुस्तीतनं निसटलो की ते बटन दिसंल."

"मुहूर्तावर केलेलं माघारी घ्यायचं न्हाई."

"फोटू पायजे ना तुमाला?"

"पायजेत. पन माघारी न्हाई."

तिनं पेन ड्राइव्ह काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाली, "बरं. तुमचा डबा, तुमचा मुहूर्त."

पुढच्या चार-पाच दिवसांत मी एकटा त्याच्याशी झुंजलो. सकाळी ती गेली की चालू करायचा, मेला की शिव्या द्यायच्या. बारावा दिवस उजाडला तेव्हा मलाच कंटाळा आला, आणि मी तिला म्हणालो, बघ बाई ते जुन्याचं बटन. तिनं दुरुस्तीच्या पाटीतून वाट काढून तो पडदा उघडला. बटण होतं, पण फिकट झालेलं, दाबत नव्हतं. खाली लिहिलं होतं की मुदत संपली.

"आता?" मी विचारलं.

"आता दुकान," ती म्हणाली.

तेराव्या दिवशी तिनं अंगणवाडीतून अर्धी सुट्टी काढली. डबा पोत्यात घातला, चुंबळ केली आणि डोक्यावर घेतला. मी अंगणाच्या कडेपर्यंत गेलो. फाटकापाशी वॉचमन उभा होता. तो तिथूनच ओरडला, "ताई, इकडून या ना. जड हाय ते. एक सही करा, मी दुसरं कायबी विचारनार न्हाई."

तिनं माझ्याकडे बघितलं. मी ओढ्याकडे हात केला. ती ओढ्याकडे वळली. भात पिवळं झालं होतं आणि बांध दिसत नव्हता, नुसता तिच्या डोक्यावरचा पोत्याचा चौकोन भातावरून सरकत चालला होता.

अकराच्या सुमाराला दुकानातून तिचा फोन आला. मागे गोंगाट होता.

"आबा, हे म्हनतात नवी सिस्टीम जुन्या मशीनला झेपत न्हाई. ठेवून जा. दिवाळीची गर्दी हाय, चार दिवस लागतील."

"तारीख परवा हाय."

"मी सांगितलं. त्ये म्हनतात जमलं तर आतनं फोटू काढू, न्हाईतर फॉरमॅट मारावा लागंल."

"फॉरमॅट म्हंजे?"

तिनं फोन दुकानदाराला दिला. तो घाईत होता, पण नीट बोलला. "आबा, फॉरमॅट म्हणजे सगळं पुसून कोरं करायचं. मग मशीन पळतं बघा."

"आन आतलं?"

"आतलं जातं. म्हणूनच म्हणतो, आधी प्रयत्न करू. पण खात्री नाही देत."

"माज्या डोळ्यासमोर करशील?"

"आबा, तुम्ही तिकडं, मी इकडं. इथं रांग लागलीय. ठेवताय का नेताय?"

मी सूनबाईला फोन द्यायला सांगितलं आणि म्हणालो, "परत आन."

 फोन चालूच होता, गोंगाट ऐकू येत होता. मग ती म्हणाली, "आनते."

दोन वाजता ती परत आली. डबा खाली ठेवला, पाय धुतले, पाणी प्यायली आणि अंगणवाडीचं रजिस्टर घेऊन ओट्यावर बसली. आमची ही मला म्हणाली, "अवो, जेवायला तरी विचारा तिला." मी विचारलं. ती म्हणाली, भूक न्हाई.

आता मला जायला कुठली बाजूच उरली नव्हती. दुकानात दिला तर पुसला जाईल. घरात ठेवला तर मरत राहील. फाटकातून जाता येत नाही, आणि फाटकातून जायचा हक्क सांगणारे फोटो डब्यातून बाहेर येत नाहीत. भिंत त्यांनी बांधली होती खरी. पण आतून कड्या लावणारा मी होतो, एवढं त्या दिवशी मला दिसलं. तोंडानं म्हणालो नाही.

तारखेच्या आदल्या दिवशी सूनबाई कामाला गेली. मी डबा स्टुलावर मांडला, तारा जोडल्या आणि परत चालू केला. आता मी शिव्या देणं सोडलं होतं, नुसता भिंतीवरचं घड्याळ बघत होतो. सकाळी पहिल्यांदा लावला तेव्हा तो बारा मिनिटं जगला. लगेच परत लावला तर पाच मिनिटं. परत, तर दोन. मग मी कंटाळून तासभर अंगणात बसलो आणि येऊन लावला, तर परत अकरा.

गिरणी अशी करते. थंड असली की चालते.

तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. डोक्यात सिस्टीमच बसली होती. तेवढ्यात आमची ही दुपारची आडवी व्हायला आली. ती कायम त्याच खोलीत आडवी होते. म्हणाली, "झोप बी लागंना झालीय."

"का?"

"ह्यो गप असतो ना आता. आदी कसा घुंघुं करायचा. गिरनी चालू असल्यावानी वाटायचं. डोळा लागायचा माजा."

मी खुर्ची डब्याजवळ ओढली.

बेचाळीस वर्षं गिरणी चालवली. एकदाही बाहेरचा मेस्तरी लागला नाही. का, तर मी कानानं चालवायचो. आवाज चढला तर दाणा अडकला, आवाज किरकिरला तर पट्टा सैल, आणि चालत्या गिरणीचा आवाज गेला तर धावत जाऊन आधी खटका पाडायचा. चालतं यंत्र गप्प झालं म्हणजे बरं झालं, असं मी आयुष्यात कधी मानलं नव्हतं. आणि इथं दहा-बारा दिवस त्या गप्प बसण्याचं मी कौतुक करत होतो.

डब्याला तळहाताची मागची बाजू लावली. गिरणीचं बेअरिंग असंच बघतात. हात ठेववेना.

खटका बंद केला, तारा काढल्या. गिरणीच्या हत्यारांची पेटी माळ्यावर होती, ती हिनं काठीनं ओढून काढली. मागचे दोन स्क्रू सोडवले आणि बाजूचा पत्रा सरकवला. आत हाताच्या पंजाएवढा पंखा होता, त्याच्या मागं पत्र्याच्या बारीक पात्यांचा गठ्ठा. पंखा बोटानं फिरवून बघितला. फिरेना. उजेडासाठी दारात नेला.

पंख्याच्या दांड्याला दोरा गुंडाळला होता, घट्ट, सात-आठ वेढे. पिवळा पडलेला दोरा. पात्यांच्या फटींत झेंडूच्या पाकळ्या भाजून चिकटल्या होत्या. आणि पंख्याची पाती आणि त्याची चौकट यांच्या फटीत तांदूळ. एक, दोन, तीन. मी नखानं काढले. अख्खे दाणे, कुंकवाचा रंग अजून लागलेला. खाली तळाला अजून पुष्कळ.

बाजूच्या पत्र्याला भोकं होती, तिथंच मी हार गुंडाळला होता. वर जाळी होती, तिच्यावर मी मूठ सोडली होती. जाळी मला दिसत होती. पण गिरणीलाही जाळी असते. तिथं वाहिलेल्या अक्षता आत पडायच्या आणि तांदळात तांदूळ मिसळून जायचा, बिघडायचं काय त्यात? चाळीस दसरे मी तसंच केलं होतं. आणि हार ओढून काढला तेव्हा दोरा अर्धाच हातात आला, हेही मला आठवलं. तेव्हा मी तो बघितलासुद्धा होता.

नवी सिस्टीम घातली तो दिवसही पूजेचाच. म्हणून सगळ्यांनी सिस्टीमला धरलं. मुलानं ड्रायव्हर म्हटलं, दुकानदारानं झेपत नाही म्हटलं, मी सगळ्यांना दोष दिला. डबा कुणी उघडला नाही. ज्यानं उघडायला पाहिजे होता, त्यानंच आत तांदूळ टाकला होता.

"काय हाय वो?" हिनं विचारलं.

"कचरा," मी म्हणालो.

दोरा ब्लेडनं कापला, पाकळ्या दात घासायच्या जुन्या ब्रशनं काढल्या, फुंकून फुंकून पाती मोकळी केली. सगळा कचरा चुलीत घातला. दाणे घालवेनात. अक्षता चुलीत घालत नाहीत. ते बंडीच्या खिशात टाकले.

पत्रा न लावताच चालू केला. पंखा थरथरला आणि फिरला. घुंघुं सुरू झालं. ही हसली, कूस वळवली आणि खरंच झोपली. डब्यानं दुरुस्ती काढली, ती पुरी केली, आणि पडदा उघडला. बारा मिनिटं झाली. वीस झाली. मी कप्पा उघडला नाही, भीती वाटली. नुसता बसून राहिलो, हात पत्र्यावर ठेवून.

चार वाजता सूनबाई आली. दारातच थांबली.

"आवाज येतोय."

"येतोय."

तिनं पेन ड्राइव्ह लावला, कप्पा उचलला. टक्के चढत गेले, मध्ये कुठं थांबले नाहीत. मग तिनं आमचे फोटो शोधून पडद्यावर उघडले. तेरा गाड्या. मी डोक्याला पटका बांधून पहिल्या बैलाच्या शिंगाला धरून उभा, आणि मागं दोन बुंध्यांचा आंबा.

"काय केलं तुमी?" तिनं विचारलं.

"पंखा अडाकलता. काढला."

"कशानं अडाकलता?"

"कचरा गेलता आत."

"आन दुकानवाला म्हनं झेपत न्हाई." ती हसली, किती दिवसांनी. "आबा, तुमी खरंच मेस्तरी हाव. मी लय बोलले तुमाला."

मी म्हणायला पाहिजे होतं. तिथंच, त्या क्षणी. खिशात हात घालून पुढं करायला पाहिजे होता. पण ती मेस्तरी म्हणाली ना. सुनेच्या तोंडून तो शब्द मी पहिल्यांदा ऐकला होता. तो परत द्यायला माझा हात उचलला गेला नाही. मी म्हणालो, "असू दे, चहा ठेव."

चहा पिऊन ती परत बांधावरून गेली, कामशेतला जाऊन मोठे फोटो छापून घेतले आणि दिवस असतानाच आली. मी पाकीट उशाशी ठेवलं. जेवताना ती मुलाला फोनवर सांगत होती, आबांनी कसं हुडकून काढलं, कसं नुसत्या कानानं. मी ताटाकडे बघत होतो. रात्री आडवा झालो तेव्हा बंडीत दाणे टोचत नव्हते, तांदूळ तो, टोचणार काय. पण मी कुशीवर वळायचं टाळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला मी आणि सूनबाई वडगावला निघालो. गुडघा गेल्यापासून मी पहिल्यांदाच बांधावरून जात होतो. फाटकाशी वॉचमन उभा होता, त्यानं लांबूनच हात जोडले. मी काठी उचलून दाखवली आणि ओढ्याकडे वळलो. बांध मला वाटला होता त्याच्यापेक्षा अरुंद होता. दोन ठिकाणी खचला होता, आणि तिथं सूनबाईनं कधीतरी दगड टाकून ठेवले होते. ती रोज वीस मिनिटांत जाते. मला अर्ध्यातच पाऊण तास झाला. ती मागून येत होती, घाई करत नव्हती, फक्त "दमानं, आबा, आजून टाइम हाय" म्हणत होती.

ओढ्यावरच्या दगडाशी मी थांबलो. खिशात हात घातला आणि तिच्यापुढं मूठ उघडली.

"हे काय?"

"अक्षता. दसऱ्याच्या. डब्यात हुत्या. पंखा ह्यांनी अडिवलता. दोरा बी माज्याच हाराचा."

ती वाकून बघत राहिली. एक दाणा उचलून परत ठेवला.

"म्हंजे सिस्टीमचं काय न्हवतंच."

"न्हवतं."

"मी डबा दोन टायमाला डोक्यावरनं नेला आबा. गेले आन आले."

"व्हय."

 ओढ्याला पाणी कमी होतं, तरी त्याचा आवाज येत होता. मग ती म्हणाली, "पुढल्या दसऱ्याला नुसतं गंध लावायचं. लांबनं."

"बरं."

मी दाणे ओढ्यात सोडले. फोटोंचं पाकीट तिच्या हातात दिलं आणि तिच्या खांद्यावरची पिशवी काढून माझ्या खांद्याला अडकवली. ती नको म्हणत होती. मी बांधाच्या कडेला सरकून तिला वाट करून दिली आणि म्हणालो, "तू हो पुढं. तुला ठावं हाय कुटं पाय ठिवायचा." ती पुढं झाली. ती जिथं पाय ठेवत होती तिथं बघून बघून मी मागून चालायला लागलो.